विमान चुकतं ते भिवंडीत

नाशिककराचं विमान मुंबईच्या विमानतळावर क्वचितच चुकतं. ते चुकतं भिवंडी बायपासला, माणकोलीला, नाहीतर माजिवड्याच्या पुलाखाली. विमानतळावर त्याची नुसती नोंद होते.

मागच्या डिसेंबरात आमचं असंच चुकलं. सकाळी 11:40 चं बंगळूरचं विमान होतं, मुंबईच्या टी-टूवरून, म्हणजे टर्मिनल दोनवरून. साडेसहाला पाथर्डी फाट्यावरून निघालो, इगतपुरीला समृद्धीवर चढलो, बोगद्यातून कसारा घाट कधी मागं पडला ते कळलंही नाही. सव्वाआठच्या आत आमण्याला उतरलो तेव्हा मी बायकोला म्हणालो, "आता टी-टूवर बसून निवांत इडली खाऊ." पुढं एक कंटेनर आडवा झाला होता. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, मोबाइलवरच्या नकाशातली लाल रेघ काही हलेना. बायको दोनदा म्हणाली, "अहो, विमान कंपनीला फोन तरी करा." मी म्हणालो, "पोचू की."

पोचलो. 10:52 ला. काउंटर 10:40 ला बंद झालं होतं.

त्या 'पोचू की'ची किंमत पुढं सांगतोच. आधी ही भानगड नीट समजून घेऊ, कारण विमान चुकणं म्हणजे नेमकं काय, हेच आपल्याला माहीत नसतं. आपल्या डोक्यात एसटी असते. गाडी फलाटावर उभी आहे तोवर आपण चढू शकतो, फार तर कंडक्टरला हात दाखवायचा. विमानाचं तसं नाही.

एका वेळेआधीच्या तीन वेळा

तिकिटावर 11:40 छापलेलं असतं ती विमान हलण्याची वेळ. त्याआधी तीन दारं एकामागून एक बंद होतात.

पहिलं दार कुणाला दिसतच नाही. तिकीट बदलण्याची किंवा रद्द करण्याची मुदत ती हीच. कंपनीनुसार ती विमान सुटण्याआधी दोन, तीन किंवा चार तासांवर संपते. दुसरं दार चेक-इन काउंटरचं. देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक कंपन्या ते 60 मिनिटं आधी बंद करतात, परदेशी उड्डाणाला 60 ते 75 मिनिटं किंवा त्याहूनही आधी. तिसरं दार बोर्डिंग गेटचं, साधारण 25 मिनिटं आधी बंद होणारं.

मोबाइलवर बोर्डिंग पास काढलेला असला आणि हातात एवढीशी पिशवी असली, तर दुसऱ्या दाराशी तुमचा संबंध नाही. सिक्युरिटी पार करून थेट तिसरं गाठायचं. पण विमानाच्या पोटात टाकायची बॅग असेल तर वेब चेक-इन करूनही काउंटरची वेळ चुकवता येत नाही, आणि आपले लोक फसतात ते इथंच. "आमचं चेक-इन झालंय" असं काउंटरवर भांडणाऱ्यांत निम्म्यांच्या हातात वीस किलोची बॅग असते. वर तिच्यात चिवडा आणि द्राक्षं.

तुम्हाला लागू असलेल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाराशी तुम्ही वेळेत आला नाहीत की कंपनीच्या संगणकात तुमच्या नावापुढं 'नो-शो' पडतं. विमान प्रत्यक्षात उडालेलं असो वा काचेतून समोर उभं दिसत असो, हिशोबाला फरक पडत नाही. सगळे पैसे, सगळे हक्क आणि सगळी भांडणं या दोन शब्दांच्या अलीकडं आहेत की पलीकडं, एवढंच बघायचं.

विमान समोर उभं, मग दार का बंद?

हा राग सगळ्यांनाच येतो, मलाही आला. पण त्या 25 मिनिटांत आत बरंच काही चाललेलं असतं. किती माणसं बसली, किती सामान पुढच्या पोटात आणि किती मागच्या, यावरून विमानाचं वजन आणि तोल यांचा कागद तयार होतो. कॅप्टन तो बघतो आणि त्याप्रमाणे उड्डाणाची आकडेमोड होते. एक माणूस ऐनवेळी चढला किंवा उतरला की तो कागद पुन्हा.

सामानाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. 23 जून 1985 ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि 329 माणसं गेली. बाँब असलेली बॅग विमानात चढली होती, ती देणारा माणूस चढलाच नव्हता. आज कुणाची बॅग आत गेली आणि तो स्वतः गेटवर आला नाही, तर शेकडो बॅगांतून ती एक शोधून खाली उतरवतात. वेळ लागतो तो त्यालाच. वर धावपट्टीचा नंबर ठरलेला. तो गेला तर मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी पुढचा कधी मिळेल याचा भरवसा नाही.

तेव्हा गेटवरच्या मुलीपुढं हात जोडून उपयोग नसतो. दार उघडणं तिच्या हातात नसतंच.

खरी वेळ गाडीत असतानाची

मला या लेखात सांगायचंय ते मुख्यतः हेच. विमान चुकणार असं वाटायला लागलं की त्याच क्षणी, रस्त्यात असतानाच, मोबाइल हातात घ्या.

नाशिकहून मुंबईचा विमानतळ साधारण 165 किलोमीटर. 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे घाटाची धास्ती बरीच कमी झाली. पण त्यानं एक नवी फसगत केली आहे. शंभरच्या वेगानं आमण्यापर्यंत येताना वाटतं की आपण जवळजवळ पोचलोच. कठीण भाग त्यानंतर सुरू होतो. म्हणून आमणे, आणि जुन्या रस्त्यानं येत असाल तर पडघ्याचा टोलनाका, ही आपली निर्णयाची जागा धरायची. तिथं नकाशा जी वेळ दाखवतोय तिच्यात वीस-पंचवीस मिनिटं मिळवा. ती बेरीज काउंटरच्या वेळेपलीकडं जात असेल तर कंपनीचं अॅप उघडा आणि तिकीट पुढच्या विमानावर टाका. अॅप नखरे करत असेल तर कॉल सेंटर. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर आधी एजंटला फोन, आणि तो उचलत नसेल तर त्याची वाट बघत बसू नका.

आमचाच हिशोब मांडतो. तिकीट माणशी 6,400 रुपयांचं. आमच्या कंपनीची बदलाची मुदत दोन तासांची, म्हणजे 9:40 पर्यंत. सव्वानऊला मी संध्याकाळच्या विमानावर बदल केला असता तर बदलाचं शुल्क 3,000 आणि भाड्यातला फरक 2,600 मिळून 5,600 रुपये जादा गेले असते. मी केला नाही. नो-शो पडल्यावर तेच संध्याकाळचं विमान नव्यानं 9,000 ला घेतलं, आणि जुन्या तिकिटाचे 740 परत मिळाले. म्हणजे जादा गेले 8,260. दोघांचे मिळून 5,320 रुपये फक्त 'पोचू की'चे. बायकोनं हा आकडा पाठ करून ठेवलाय.

कधी कधी तिकीट बदलण्यापेक्षा रद्द करून दुसऱ्या कंपनीचं घेणं स्वस्त पडतं, तेही दोन मिनिटांत पडताळून बघावं. आणि बदल केल्यावर रस्ता अचानक मोकळा झाला तर? तर होईल. चहा पीत बसा.

रस्ता ठप्प असेल आणि तुमच्याकडे सामान बेताचं असेल तर आणखी एक पर्याय आहे, ज्याचा विचार कारवाल्या माणसाच्या मनात येत नाही. ठाणे स्टेशन गाठा, लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो बदलली की टी-टू पुढचंच स्टेशन. माणकोलीच्या गर्दीत बसलेल्याला हे खुळचट वाटतं, पण रुळांवर कंटेनर आडवा होत नाही. नाशिकरोडहून ठाण्याला थांबणाऱ्या गाडीनं येणाऱ्यांना तर हाच सरळ रस्ता. निघण्याआधी तिकिटावरचं टर्मिनल मात्र वाचा. टी-वन आणि टी-टू यांत गाडीनं बऱ्यापैकी अंतर आहे, आणि डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. 'मुंबई' एवढंच वाचून निघालेला माणूस सहारला उतरायचा आणि विमान उलव्याला असायचं.

चुकलंच, मग काउंटरवर काय बोलायचं

थेट विमान कंपनीच्या तिकीट काउंटरवर जा. प्रवेशदारावरच्या सीआयएसएफच्या जवानाशी वाद घालू नका. त्याचं काम तिकीट आणि ओळखपत्र बघण्याचं, तुमचं विमान थांबवण्याचं नाही.

काउंटरवर दोन प्रश्न विचारायचे. "माझ्या नावावर नो-शो पडलंय का?" आणि "याच तिकिटावर पुढच्या विमानात बसवता येईल का, किती पैसे भरून?" या क्रमानंच विचारा. पहिल्याचं उत्तर 'अजून नाही' असेल तर तिथल्या तिथं बदल करून घ्या. पडलं असेल तरी दुसरा प्रश्न सोडू नका. ड्युटी मॅनेजरला आपल्या मर्जीनं काही सवलत देता येते. देणं बंधनकारक नसतं, पण रिकाम्या जागा असल्या आणि माणूस शांतपणे बोलला तर कधीकधी मिळते. अमेरिकेतल्या काही कंपन्यांत तर याला 'फ्लॅट टायर रूल' असं नावच पडलंय: गाडी पंक्चर झाली म्हणून थोडा उशीर झाला तर पुढच्या विमानात जागा असल्यास बसवून देतात. कागदावर न लिहिलेला रिवाज आहे तो. आपल्याकडे त्याच्या भरवशावर राहू नये, पण विचारायला काय जातं.

दरम्यान घरच्या कुणाला तरी मोबाइलवर बाकीच्या कंपन्यांची भाडी बघायला सांगा. काउंटरवरचं भाडं पटलं नाही तर लगेच दुसरं घेता येतं.

परदेशी प्रवासात एक जादा लचांड आहे. इमिग्रेशनचा शिक्का पडल्यावर गेट चुकलं, तर नुसतं बाहेर निघून येता येत नाही. कंपनीचा माणूस बरोबर येतो, शिक्का रद्द होतो, मग बाहेर. हे सगळं होईपर्यंत पासपोर्ट हातातून सोडू नका आणि बॅग कुठं मिळेल ते त्याच माणसाला विचारून घ्या.

नॉन-रिफंडेबल म्हणजे शून्य नव्हे

आता ते 740 रुपये कुठून आले? हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि कंपन्या आपणहून सांगायला येत नाहीत.

विमान तिकीट म्हणजे मूळ भाडं, इंधन अधिभार, आणि त्यावर सरकारी कर व विमानतळाची शुल्कं. हे शेवटचे पैसे कंपनीचे नसतातच. तुम्ही विमानतळ वापरलाच नाहीत, तर त्याचे पैसे कंपनीनं का ठेवावेत? म्हणून डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे की प्रवासी आलाच नाही तरी हे कर आणि यूडीएफसारखी, म्हणजे विमानतळ वापरण्याची, शुल्कं परत करायची. सवलतीचं तिकीट असो की मूळ भाडं परत न मिळणारं असो, हा भाग द्यावाच लागतो. परतावा करून देण्याचे म्हणून वेगळे पैसे घ्यायलाही मनाई आहे. रद्द करण्याचं शुल्कसुद्धा मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही.

हे पैसे बऱ्याचदा मागावे लागतात. कंपनीच्या वेबसाइटवर नो-शो परताव्याचा अर्ज असतो, पीएनआर टाकून तो भरायचा. एजंटचं तिकीट असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. एजंट 'काही मिळत नाही' म्हणाला तर त्याला शांतपणे कराचा आकडा दाखवा, तिकिटावर तो वेगळा छापलेला असतो.

चूक तुमची नसेल तर

इथून मात्र गणित उलटं फिरतं. तुम्ही वेळेत काउंटरवर पोचलात, तिकीट पक्कं आहे, आणि तरी जागा नाही म्हणून बसवलं नाही, तर ते विमान चुकणं नव्हे. त्याला 'डिनाइड बोर्डिंग' म्हणतात आणि त्याची भरपाई ठरलेली आहे. कंपनीनं मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. 24 तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या 200 टक्के, कमाल 10,000 रुपये. त्यापुढचं दिलं तर 400 टक्के, कमाल 20,000. दुसरं विमान नकोच असेल तर पूर्ण परतावा आणि वर 400 टक्के, कमाल तेवढीच.

जानेवारी 2023 मध्ये बंगळूरला गो फर्स्टचं दिल्लीचं विमान 55 प्रवाशांना विमानतळावरच्या बसमध्ये सोडून उडून गेलं होतं. हातात बोर्डिंग पास, बॅगा विमानात, आणि माणसं खाली! डीजीसीएनं कंपनीला 10 लाखांचा दंड केला. कंपनीही त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडली, ती वेगळ्या कारणांनी.

अडचण असते ती काउंटरवरच्या रांगेची. तुम्ही दीड तास आधी आलात, रांग हलली नाही, आणि तुमचा नंबर येईपर्यंत काउंटर बंद झालं. कंपनी म्हणणार तुम्ही उशिरा आलात. अशा वेळी रांगेचा फोटो काढा, घड्याळ दिसेल असा, आणि रांगेत असतानाच कंपनीच्या माणसाला गाठून सांगा की अमुक विमान आहे. पुराव्याशिवाय हे प्रकरण 'तुम्ही म्हणता, आम्ही म्हणतो' असंच राहतं.

जोडविमानाचंही असंच. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली आणि तिथून पुढं परदेशी, अशी दोन उड्डाणं एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं लेट झाल्यामुळे दुसरं चुकल्यास पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून घेतली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही उशिरा आलेले प्रवासी, बाकी काही नाही. वाचलेले दोन हजार तिथं पन्नास हजारांना पडू शकतात. एजंटकडे बसलात की पहिला प्रश्न: "पीएनआर एकच आहे ना?"

भांडायचं ठरलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग नागरी उड्डाण मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल, किंवा 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथंही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दावा करता येतो, त्यामुळे कंपनीचं ऑफिस गुरगावला असलं तरी तिला नाशिकला यावं लागतं. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

प्रवास विम्याबद्दल एवढंच: 'मिस्ड फ्लाइट'चं कलम असलं तरी ट्रॅफिकमध्ये अडकलो हे कारण बऱ्याच पॉलिसींत चालत नाही. अपघात झाला किंवा रेल्वे अडकली तर चालू शकतं, पण त्याचा कागद लागतो.

ओझरची गोष्ट वेगळी

ओझरचं विमान घराजवळचं म्हणून आपण बिनधास्त असतो. आडगाव ओलांडलं, दहाव्या मैलावर वळलं की आलंच. पण मुंबईत एक विमान चुकलं तर दोन तासांनी दुसरं असतं, ओझरहून त्या शहराला त्या दिवशी बहुधा दुसरं नसतं. म्हणून ओझरला चुकलं की काउंटरवर "पुढचं कधी?" एवढ्यावर थांबू नका, "शिर्डीहून किंवा मुंबईहून बदलून मिळेल का?" असं विचारा. शिर्डीचा विमानतळ नाशिकहून साधारण दोन तासांवर आहे, त्याची आठवण आपल्याला साईबाबांच्या दर्शनालाच होते. शिवाय 2027 च्या सिंहस्थामुळे शहरात रस्त्यांची कामं जागोजागी निघाली आहेत, तेव्हा द्वारकेवरून ओझर अर्ध्या तासात हे जुनं गणित विसरा.

आणि परतीचं तिकीट. जाण्या-येण्याचं तिकीट एकत्र काढलं असेल आणि जाताना नो-शो झालात, तर अनेक कंपन्या परतीची जागाही आपोआप रद्द करतात. त्यामुळे दुसऱ्या विमानानं गेलात तरी "माझं परतीचं चालू ठेवा" असं त्याच दिवशी सांगून घ्या, आणि तसा मेल आला का ते बघा.

आणि तिकिटावरची तारीख. ती आमच्या शेजारच्या काकांना फार महागात पडली. मुलाकडे दुबईला निघाले होते, तिकीट 14 तारखेचं, वेळ 00:40. रात्री बारा चाळीस म्हणजे 14 तारीख सुरू होऊन चाळीस मिनिटं, निघायचं 13 च्या दुपारी. काकांनी 14 च्या दुपारची गाडी ठरवली. 13 ला संध्याकाळी आमच्याकडे येऊन निरोप घेतला, बॅगा भरून दाराशी ठेवल्या आणि वेळेवर झोपले. पहाटे साडेचारला मुलाचा फोन आला.

"बाबा, मी एअरपोर्टवर उभा आहे. तुम्ही कुठं आहात?"

काका म्हणाले, "गंगापूर रोडला. पांघरुणात."